सावळ्या त्वचेवरचे उन्हाचे डाग आणि लेसर-आयपीएल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाचे लखलखाट), क्यू-स्विच, टोनिंग, पिको, कार्बन पील ही नावं जाहिरातीत एका दमात येतात आणि सगळ्यांचं आश्वासन एकच असतं. प्रत्यक्षात मशिन निवडणं हे शेवटचं काम आहे. आधी डाग कसला आहे ते ठरवावं लागतं, मग ती त्वचा किती प्रकाश सोसेल ते पाहावं लागतं. इथली उत्तरं आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेसाठी आहेत. परदेशी माहितीपत्रकांतले आकडे बहुतेक वेळा गोऱ्या त्वचेचे असतात, ते इथे जसेच्या तसे लावू नका.

ट्रेकला किंवा गोव्याला जाऊन चेहरा रापला. लगेच लेसर करून घेता येईल का?

नाही. ताजा टॅन असताना प्रकाशाचा कुठलाही उपचार घेऊ नये. रापलेल्या त्वचेत वरच्या थरात जास्तीचं मेलॅनिन भरलेलं असतं, डागासाठी सोडलेला प्रकाश तेच आधी पितं आणि भाजण्याचा धोका वाढतो. निव्वळ टॅन तसाही आपोआप उतरतो. वरचा थर बदलायला साधारण ४ आठवडे लागतात, तेवढा वेळ सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर नीट लावलं की बहुतेकांचा चेहरा ४ ते ६ आठवड्यांत पूर्ववत होतो. त्यानंतरही जे उरतं ते डाग. उपचाराचा विचार त्यांच्यासाठी करायचा.

आयपीएल आणि लेसर एकच का?

नाही. लेसरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो. क्यू-स्विच एनडी-याग लेसरमध्ये तो १०६४ किंवा ५३२ नॅनोमीटर असतो. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा असतो आणि त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश लखकन बाहेर पडतो. त्यातला खालचा भाग फिल्टर लावून अडवतात. ५६० चा फिल्टर म्हणजे ५६० च्या खालचा प्रकाश बंद.

दुसरा फरक वेळेचा. क्यू-स्विच लेसरचा झोत काही नॅनोसेकंदांचा, पिको लेसरचा त्याहूनही लहान, तर आयपीएलचा काही मिलिसेकंदांचा असतो. आयपीएलचा झोत लेसरच्या तुलनेत लाखो पटींनी लांब चालतो. सावळ्या त्वचेला आयपीएलचा चटका जास्त का बसतो, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

प्रकाशाने डाग जातो म्हणजे नेमकं काय होतं?

मेलॅनिन प्रकाश शोषतं आणि तापतं. योग्य तरंगलांबीचा झोत इतका छोटा ठेवला, की रंगाचा कण तापून फुटतो आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत झोत संपतो, तर आजूबाजूची त्वचा वाचते. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं आणि आजची बहुतेक मशिन्स त्यावरच चालतात. मेलॅनिनचा कण एका मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो आणि एका मायक्रोसेकंदाच्या आत निवतो. म्हणून त्याच्यासाठी नॅनोसेकंदाचा झोत.

फुटलेला रंग दोन वाटांनी बाहेर पडतो. वरच्या थरातला खपलीबरोबर गळतो, खोलवरचा सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. दुसरी वाट आठवड्यांची, कधी महिन्यांची असते, त्यामुळे सत्र संपताच आरशात निकाल शोधण्यात अर्थ नाही.

आता अडचण. मेलॅनिन फक्त डागात नसतं, सावळ्या माणसाच्या सगळ्या त्वचेत असतं. डाग आणि भोवतालची त्वचा यांच्या रंगात फरक जितका कमी, तितकं मशिनला दोन्ही वेगळं धरणं अवघड. गोऱ्या कातडीवरचा तपकिरी ठिपका सोपं लक्ष्य असतो. सावळ्या गालावरचा थोडासा जास्त सावळा पट्टा तसा नसतो.

माझा डाग कुठल्या प्रकारचा आहे हे कसं कळणार?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण निदान चुकलं तर चांगलं मशिनही डाग वाढवतं.

कडा स्पष्ट असलेले, चपटे, तपकिरी, दोन-चार मिलिमीटरचे ठिपके गालांवर, नाकावर किंवा हातांच्या पाठीवर असतील तर ते फ्रेकल्स किंवा उन्हाचे लेंटिगो असू शकतात. प्रकाशाला सगळ्यात चांगली दाद हेच देतात.

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर अस्पष्ट कडांचे, नकाशासारखे पसरलेले पट्टे म्हणजे बहुधा वांग. त्याचं खातं वेगळं आहे, पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

गालांवर आणि डोळ्यांभोवती बारीक, काळे, हाताला उंच लागणारे दाणे येतात, वयाबरोबर वाढतात, आई-मावशीलाही असतात. पुष्कळजण त्यांना चामखीळ म्हणतात, पण ते चामखीळ नव्हेत. त्यांच्यावर आयपीएलचे पैसे घालवू नका. भूल देणारी क्रीम लावून रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा कॉटरीने ते एका बैठकीत काढता येतात.

कानशिलं, कपाळाची केसांलगतची कड आणि मानेच्या बाजू राखाडी-काळ्या पडत असतील तर आधी हेअर डायचं खोकं बघा. डायमधल्या पीपीडीची अ‍ॅलर्जी खाज न येताही त्वचा काळी करू शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीतही पुष्कळदा हेच रसायन असतं. कपाळाच्या मधोमध कुंकवाच्या जागी काळपटपणा आला असेल तर कुंकवातल्या रंगांचा संशय घ्यावा. टिकलीच्या डिंकाने उलट पांढरा डागही पडू शकतो. या सगळ्यांत कारण चालू ठेवून लेसर करणं व्यर्थ आहे.

मानेच्या घड्या आणि काखा काळ्या, जाड, मखमली झाल्या असतील तर तो मळ नव्हे आणि ऊनही नव्हे. ते बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. लेसरच्या आधी साखर आणि वजन तपासा.

एका डोळ्याभोवती आणि गालावर जन्मापासून किंवा वयात येताना आलेला निळसर-राखाडी डाग असेल तर तो ओटाचा नीव्हस असू शकतो. तो खोल असतो, तरी क्यू-स्विच १०६४ ने चांगला फिका होतो. सत्रं बरीच लागतात.

शेवटचं, पण गंभीर. एखादा डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात, रक्त येतं किंवा जखम भरत नाही, तर त्यावर कुठलाही प्रकाश मारू देऊ नका. त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी असला तरी होतो, आणि बेसल सेल प्रकारचा कर्करोग सावळ्या त्वचेत अनेकदा काळाच दिसतो. लेसरने वरचा रंग जातो, रोग खाली वाढत राहतो. साध्या तिळालाही हाच नियम : डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा तपासायच्या भिंगाने, पाहिल्याशिवाय लेसर नको.

मला वांग आहे. लेसर करावा का?

पहिला उपचार म्हणून, नाही. वांग हा एकदा मारून संपणारा डाग नाही. तिथल्या रंगपेशी चेतलेल्या असतात आणि ऊन, उष्णता, संप्रेरकं यांनी पुन्हा पुन्हा चेततात. आयपीएलचा जोरदार झोत ही त्यांच्या लेखी आणखी एक उष्णताच. पहिल्या दोन सत्रांनंतर चेहरा उजळलेला दिसतो आणि तिसऱ्याच्या आसपास पट्टा आधीपेक्षा गडद होऊन परत येतो, ही तक्रार नेहमीची आहे.

क्रम असा असावा. आधी ८ ते १२ आठवडे कडक सूर्यसंरक्षण आणि डॉक्टरांनी दिलेली क्रीम. त्यात अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड असेल, कोजिक अ‍ॅसिड असेल किंवा ठरावीक मुदतीपुरतं हायड्रोक्विनोन. काहींना ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. त्या रक्त गोठण्याशी संबंधित असल्याने स्वतःला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. एवढं करूनही वांग अडून राहिलं तर लो-फ्लुएन्स क्यू-स्विच १०६४, म्हणजे ‘लेसर टोनिंग’, जोडीला घेता येतं. त्यात ६ ते ८ मिलिमीटरचा स्पॉट आणि प्रति चौरस सेंटिमीटर साधारण १.५ ते ३ ज्यूल इतकी कमी ऊर्जा वापरतात. त्वचा जेमतेम गुलाबी व्हावी, पांढरी पडू नये, खपली धरू नये.

टोनिंगलाही मर्यादा आहे. दर आठवड्याला, न थांबता, वीस-वीस सत्रं केली तर गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उमटू शकतात. ते काळ्या डागापेक्षा चिवट असतात, काहींचे पूर्ण जात नाहीत. म्हणून दोन सत्रांत निदान २ आठवडे ठेवावेत, दर वेळी चांगल्या उजेडात फोटो घ्यावा आणि पहिला पांढरा ठिपका दिसताच थांबावं. ‘वांग कायमचं घालवतो’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

स्वयंपाकघराचा विषय इथेच. शेगडीची उष्णताही वांगाला चेतवते. भाकरी-पोळ्यांच्या वेळी तवा तोंडापासून लांब ठेवणं आणि एक्झॉस्ट चालू ठेवणं हाही उपचाराचा भाग समजा.

मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने चेहरा उजळला होता, आता बंद केली की लाल होतो. लेसर चालेल?

आत्ता नाही. ही बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड यांचं मिश्रण असलेली ट्यूब असते. महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं आणि लव वाढते, थांबवलं की आग होते. अशा त्वचेवर प्रकाश टाकला तर ती सहज भाजते. आधी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली क्रीम सोडवायची, त्वचा सावरायला काही महिने द्यायचे. डॉक्टरांना ट्यूबचं नाव लपवू नका, शक्यतो ट्यूबच घेऊन जा. शेजारणीला गुण आला म्हणून घेतलेली असली तरी.

सावळ्या त्वचेसाठी डॉक्टरांना कोणते तांत्रिक प्रश्न विचारावेत?

फिट्झपॅट्रिक यांच्या पद्धतीत त्वचेचे ६ प्रकार आहेत, आपण बहुतेक ३ ते ५ मध्ये येतो. ‘माझा प्रकार कुठला धरला?’ हा पहिला प्रश्न. उत्तर न देताच मशिन सुरू करत असतील तर तिथेच थांबा.

आयपीएल असेल तर फिल्टर विचारा. प्रकार ४ साठी ५९० ते ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर, लांब पल्स (झोताचा वेळ), आणि एका झोताचे दोन किंवा तीन तुकडे करून मधे काही मिलिसेकंदांची विश्रांती, अशी सावध मांडणी असते. ती विश्रांती वरच्या थराला निवायला मिळते. प्रकार ५ साठी आयपीएल शक्यतो टाळावा आणि ६ साठी करूच नये. ५३२ नॅनोमीटरचा लेसर सुटे ठिपके चांगले काढतो, पण मेलॅनिन तो फार शोषत असल्याने सावळ्या त्वचेवर नंतरचा काळपटपणाही तोच जास्त देतो. १०६४ खोल जातो आणि वरच्या थराला त्यातल्या त्यात सोडतो, म्हणून आपल्याकडे त्याची चलती.

ज्यूलचे आकडे मात्र दोन क्लिनिकमध्ये तोलू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयपीएलवर १५ ज्यूलचा परिणाम सारखा नसतो. दुसरीकडे जाताना जुना आकडा सांगून ‘तेवढंच ठेवा’ म्हणणं धोक्याचं आहे. नव्या मशिनवर टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.

टेस्ट पॅच खरंच लागतो का?

लागतो. जबड्याच्या कडेला किंवा कानाच्या पुढे दोन-तीन शॉट द्यायचे आणि थांबायचं. भाजणं २४ ते ४८ तासांत कळतं, पण नंतरचा काळपटपणा २ ते ४ आठवड्यांनी उमटतो. ‘टेस्ट केली, पंधरा मिनिटं पाहिलं, ठीक आहे’ याने फक्त पहिला धोका तपासला जातो, तोही अर्धवट. प्रकार ४-५ च्या त्वचेला टेस्ट आणि पहिलं सत्र यांत निदान २ आठवडे द्या, ४ दिले तर उत्तम.

आधी काय बंद करायचं आणि काय सांगायचं?

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडची उत्पादनं ५ ते ७ दिवस आधी थांबवा. ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग त्या जागी आठवडाभर नको. उन्हात रापायचं टाळणं ४ आठवडे आधीपासून.

सांगायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. मुरमांसाठीची डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अ‍ॅमिओडॅरोन ही औषधं त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच थांबल्यात, तेही सांगा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारा. संधिवातासाठी कधी सुवर्णक्षारांची इंजेक्शनं घेतली असतील तर क्यू-स्विच लेसर अजिबात नको, त्वचा तिथल्या तिथे निळी-काळी पडते आणि ती सहजी निघत नाही. हा प्रश्न विचारायला पुष्कळ ठिकाणी विसरतात.

याशिवाय कोड, ल्युपस, जखमेवर फुगीर व्रण धरण्याची सवय, लखलखाटाने येणारी फिट, ओठांवर वारंवार उठणारी नागीण हे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. शरीरात सोरायसिस असेल तर तोही.

गरोदरपणात चालतं का?

पुढे ढकला. गरोदरपणातलं वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचजणींचं आपोआप फिकं होतं. तोवर सनस्क्रीन आणि टोपी पुरे.

सत्राच्या दिवशी काय काय होतं?

चेहरा धुवून मेकअप, सनस्क्रीन, काजळ, कुंकू सगळं काढतात. फोटो घेतात, तो नेहमी त्याच जागी, त्याच उजेडात घेतलेला हवा. डोळ्यांवर अपारदर्शक गॉगल बसवतात, खोलीतल्या बाकी सगळ्यांनाही त्या तरंगलांबीचा गॉगल लागतो. १०६४ नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना दिसत नाही, पण पडदा जाळू शकतो, म्हणून ‘डोळे मिटून घ्या, काही होत नाही’ हे कुणी म्हटलं तर खुर्चीवरून उठायचं. पापण्यांवर आणि भुवईच्या हाडाच्या आत नेहमीच्या गॉगलवर काम करायचं नसतं.

आयपीएलला थंड, रंगहीन जेलचा एक-दोन मिलिमीटरचा थर लावतात. मशिनचा चौकोनी स्फटिक त्यावर टेकवून शॉट मारत पुढे सरकतात. रबर बँड फटकन बसावा तसा चटका लागतो. क्यू-स्विचला जेल लागत नाही, टिकटिक आवाज आणि टोचल्यासारखं वाटतं. पूर्ण चेहऱ्याला १५ ते ३० मिनिटं लागतात.

आपण काय पाहायचं? ठिपक्यांवर आयपीएल केल्यानंतर काही मिनिटांत ठिपका किंचित गडद आणि कड जराशी लाल झाली, की ऊर्जा पुरेशी झाली. ५३२ च्या लेसरने ठिपका क्षणात पांढुरका होतो, तेही अपेक्षित आहे. भोवतालची साधी त्वचा मात्र राखाडी पडली, चौकोनाचा ठसा उमटला किंवा शॉट संपल्यावरही आग वाढत गेली तर लगेच सांगा. सोसण्यात शहाणपण नाही. वेदना हीच इथली धोक्याची घंटा आहे, आणि म्हणूनच टोनिंग आणि आयपीएलला भूल देणारी क्रीम न लावलेली बरी.

नंतरचे पंधरा दिवस कसे काढायचे?

पहिल्या दिवशी थंड पाण्यात पिळलेलं मऊ फडकं १०-१५ मिनिटं ठेवा, बर्फ थेट लावू नका. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा. वाफ, जिम, पोहणं, कढत पाण्याची अंघोळ ४८ तास बंद.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके आणखी काळे होतात आणि कॉफी पावडरसारखे बारीक कण वर दिसू लागतात. इथे लोक घाबरतात आणि घासायला लागतात. ते कण म्हणजेच निघून चाललेला रंग. चेहऱ्यावर ७ ते १० दिवसांत, हातांवर २ ते ३ आठवड्यांत ते आपसूक गळतात. नखाने काढले तर खालची कोवळी त्वचा उघडी पडते आणि तिथे नवा डाग बसतो. दिवाळीच्या तोंडावर सत्र झालं असेल तर यंदा चेहऱ्याला उटणं नाही.

लिंबू, टोमॅटो, बेसन, मुलतानी माती, हळद-दही यांतलं काहीही २ आठवडे लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर धडधाकट त्वचाही भाजते आणि काळी पडते. अ‍ॅसिडवाली आणि रेटिनॉलची क्रीम आठवड्यानंतर, डॉक्टरांना विचारून सुरू करा.

सनस्क्रीन किती आणि कुठलं?

एसपीएफ ३० किंवा ५०, पीए (यूव्हीए किरण अडवण्याची खूण) तीन प्लस किंवा अधिक. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, म्हणजे साधारण एक-सव्वा ग्रॅम. हिशोब करून बघा : सकाळी आणि दुपारी असं दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर खोक्यावर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर त्याचा जेमतेम अंश पोचतोय. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर तर नक्कीच.

वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. सावळ्या त्वचेला नुसतं अतिनील नव्हे, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो अडवत नाही. दुचाकीवर स्कार्फ बांधता ते चांगलंच आहे, पण पातळ, फिक्या ओढणीतून बराच प्रकाश आत येतो. दाट विणीचा गडद सुती कपडा घ्या आणि त्याखाली सनस्क्रीन लावाच.

काय बिघडू शकतं, आणि का?

सगळ्यात जास्त वेळा होतो तो नंतरचा काळपटपणा. त्वचा प्रमाणाबाहेर तापली, सूज आली आणि रंगपेशींनी जास्तीचा रंग ओतला, अशी ती साखळी. २ ते ४ आठवड्यांनी दिसतो, बहुधा ३ ते ६ महिन्यांत ओसरतो. त्या काळात ‘अजून एक सत्र मारू, जाईल’ हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

भाजणं आणि फोड यांची कारणं बहुतेक वेळा साधी निघतात : रापलेली त्वचा, जेल कमी, स्फटिक तिरपा टेकवलेला, थंडावा बिघडलेला किंवा एकाच जागी शॉटवर शॉट. फोड आला तर फोडू नका, थंड ओलं फडकं ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘उद्या बघू’ यात सगळ्यात उपयोगाचे तास निघून जातात.

गालांवर पट्टे-पट्टे उमटले तर चौकोन एकमेकांना नीट भिडवले नाहीत असं समजा. मधे सोडलेली जागा गडद आणि शॉट बसलेली फिकी दिसते. उलट, चौकोन एकमेकांवर चढले तर त्या कडेवर भाजतं.

पुरुषांसाठी वेगळी सूचना. आयपीएल केसांची मुळंही तापवतो, केस काढायला तोच वापरतात. दाढीच्या भागातल्या डागावर तो मारला तर दाढी ठिगळासारखी विरळ होऊ शकते, आणि ती पुन्हा येईलच असं नाही. दाढी राखणाऱ्यांनी हे सत्राआधी बोलून घ्यावं. भुवयांजवळही हाच धोका.

किती सत्रं लागतात?

सुट्या ठिपक्यांना ५३२ चा लेसर एक-दोनदा पुरतो. आयपीएल ३ ते ५ सत्रं, दर ३ ते ४ आठवड्यांनी. टोनिंग ६ ते १०, मग विश्रांती. तीन सत्रांनंतर फोटोत काहीच फरक नसेल तर चौथं करण्याआधी डागाचं निदान पुन्हा तपासून घ्या. हात आणि मान चेहऱ्यापेक्षा हळू सुधारतात, तिथे ऊर्जा कमी ठेवावी लागते. काळपट डाग फिके होतील, पोत थोडा सुधारेल. मूळ वर्णापेक्षा गोरं करण्याचं काम हे यंत्र करत नाही आणि तशी मागणीही करू नये.

लग्न चार महिन्यांवर आलंय. वेळ आहे का?

ठिपके असतील तर आहे, पण लगेच सुरू करा. पहिला आठवडा निदान आणि टेस्टचा, मग महिन्याच्या अंतराने दोन, फार तर तीन सत्रं. शेवटचं सत्र मुहूर्ताच्या किमान ४ आठवडे आधी, म्हणजे खपली गळायला वेळ उरतो. हळदीला उपचार केलेली त्वचा शांत झालेली असली पाहिजे. लग्न महिन्यावर आलं असेल तर प्रकाशाच्या नादी लागू नका, चांगला मेकअप आर्टिस्ट शोधा.

उन्हाळ्यात करावं की पावसाळ्यात?

एप्रिल-मे टाळलेले बरे. पावसाळा सोयीचा वाटतो, पण ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी येतात आणि लोक सनस्क्रीन सोडून देतात, तिथे घोळ होतो. ऑक्टोबरमधलं ऊन कडक असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात चांगला काळ. शेतावर, बांधकामावर किंवा फिरतीच्या नोकरीत असणाऱ्यांना ‘उन्हात जाऊ नका’ सांगण्यात हशील नाही. त्यांनी ज्या आठवड्यात सुट्टी किंवा सावलीतलं काम मिळेल तो धरून सत्र घ्यावं, आणि तसं होत नसेल तर क्रीम आणि रुंद कडेची टोपी यांवरच थांबावं.

पार्लरमधलं लेसर फेशियल आणि घरची यंत्रं?

कार्बन पीलमध्ये चेहऱ्यावर काळं लोशन लावून क्यू-स्विच १०६४ मारतात. चेहरा दोन-चार दिवस तुकतुकीत दिसतो, डागांवर फारसा फरक पडत नाही. पार्लरमध्ये अडचण अशी, की समोरचा डाग कसला हे ठरवणारं आणि भाजल्यावर औषध देणारं तिथे कुणी नसतं.

घरचं आयपीएल यंत्र केस कमी करण्यासाठी असतं. बरीचशी यंत्रं गडद त्वचेवर सेन्सरने चालूच होत नाहीत. त्या सेन्सरला चकवून वांगावर किंवा तिळावर ते वापरू नका. एलईडी मास्क ही आणखी तिसरीच चीज. लाल प्रकाश, साधारण ६३० नॅनोमीटरचा, फारसा अपाय करत नाही आणि डागही काढत नाही. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मुरमांसाठी असतो, तो सावळ्या त्वचेत रंग वाढवू शकतो. वांग असलेल्यांनी निळं बटण दाबूच नये.

खर्च ठरवताना काय विचारायचं?

दर शॉटवर आहे, भागावर की पूर्ण चेहऱ्यावर. मान धरली आहे का. टेस्ट, तपासणी, नंतरची क्रीम आणि जीएसटी धरलाय का. मधेच थांबावं लागलं तर उरलेले पैसे परत मिळतील का. पहिल्याच दिवशी दहा सत्रांचं पॅकेज घेऊ नका, कारण तिसऱ्या सत्राला थांबण्याची मोकळीक सावळ्या त्वचेला हवीच असते आणि पैसे भरलेला माणूस थांबत नाही. आरोग्य विमा सौंदर्योपचाराला पैसे देत नाही.

डॉक्टर कसे पारखायचे?

त्वचारोगातली पदवी, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएलसारखी पदविका, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहा. तो विचारण्यात संकोच नको. मशिन कोण चालवणार, डॉक्टर की तंत्रज्ञ, आणि तंत्रज्ञ असेल तर डॉक्टर त्या वेळी इमारतीत असतील का, हे स्पष्ट करून घ्या. संमतिपत्र मराठीत मागा आणि सही करण्याआधी वाचा. प्रत्येक सत्राचा फिल्टर, ऊर्जा, पल्स आणि शॉटची संख्या लिहिलेला कागद किंवा त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवा. काही बिघडलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर त्यांना सगळ्यात आधी तोच लागतो.

डाग परत येतात का?

लेंटिगो गेलेल्या जागी वर्षानुवर्षं त्वचा स्वच्छ राहू शकते, मात्र ऊन तेच असेल तर शेजारी नवे उगवतात. फ्रेकल्स एका उन्हाळ्यात परतू शकतात. वांग बहुतेकांचं काही महिन्यांत थोडंफार परततं, म्हणून त्याचं देखभालीचं क्रीम आणि रंगीत सनस्क्रीन उपचार संपल्यावरही चालू ठेवायचं असतं. परतलेला डाग दिसला की थेट लेसरची वेळ घेऊ नका. आधी ट्यूब किती दिवसांत संपतेय ते बघा, हेअर डाय किंवा नवी गोळी सुरू झाली आहे का ते आठवा, आणि मग जुना कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.